गऱ्हाण्याचं कुलूप

"हं, टाका आता," म्हणत ताईने खुर्ची गर्रकन फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

समोरचा गृहस्थ बावचळला. बायकोचे रिपोर्ट दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाठवायचे म्हणून तो आला होता. स्कॅन झालं, फाईल झाली, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ही बाई मधेच भिंत बघत बसली.

"काय टाकू?"

"पासवर्ड. मला दिसता कामा नये. तुमचा तुम्ही टाका."

"तुम्हीच टाका हो. एक-दोन-तीन-चार टाका."

"त्याला कुलूप नाही म्हणत, काका. ती नुसती कडी झाली. वाऱ्याने उघडते."

"बरं, मग बायकोची जन्मतारीख घालतो." थोडा वेळ एकही बटण वाजलं नाही.

"काय झालं?" ताईने भिंतीलाच विचारलं.

"आठवत नाही."

"मागे बाकावर बसल्यात ना त्या. विचारा की."

"नको," तो कुजबुजला, "आजारी असली तरी हात चालतो तिचा."

"कानही चालतात," बाकावरून आवाज आला.

हे असं रोजचं होतं. ताईचं दुकान मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गेटासमोर, एका जिन्याखाली. स्कॅन, टायपिंग, प्रिंट. उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा, म्हणून गिऱ्हाईक आपोआप वाकूनच आत यायचं. प्रिंटर कागद गिळायचा आणि पोटात बुक्की घातल्याशिवाय परत द्यायचा नाही. शेजारी औषधांचं दुकान. तो औषधवाला ताईला 'तिजोरी' म्हणायचा. सकाळी शटर वर करतानाच ओरडायचा, "काय तिजोरी, आज कुणाला कोंडणार?"

"तुम्हालाच कोंडायचं राहिलंय," ताई म्हणायची.

ताईने शाळा अर्धवट सोडली. आई अंथरुणाला खिळली होती, घरी कुणीतरी हवं होतं, ती राहिली, विषय संपला. आई गेल्यावर परत शाळेत जायचं वय उरलं नव्हतं. कुलपांचं शिक्षण तिने या गल्लीत घेतलं. एका मुलीचा रिपोर्ट दुसऱ्या कुठल्याशा दुकानातून मेलवर उघडाच गेला, मेलवरून कुणाच्या तरी फोनवर आणि फोनवरून जे तिचं सासर होणार होतं त्या घरात. लग्न मोडलं. ती मुलगी ताईच्या बाकावर येऊन बसली. रडली नाही, भांडली नाही, नुसती प्रिंटरकडे बघत बसली. ताईने तेव्हा ठरवून टाकलं की आपल्या दुकानातून कागद उघडा जाणार नाही. मग व्हिडिओ बघून, चुकून, स्वतःच्याच फाईली कायमच्या कोंडून घेऊन ती शिकली.

एक नियम तिने कधी मोडला नाही. गिऱ्हाइकाची किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही. लोक म्हणायचे, अगं, आम्ही विसरलो तर? ती म्हणायची, "विसरू नका. माझ्याकडे असली तर उद्या कुणी माझा हात पिरगाळून घेईल. नसलेली वस्तू कोण काय घेणार?" तिच्यावर पुढे संशय घेतला गेला, तोही घरच्याच माणसाने घेतला. घेणाऱ्याने आधी त्या दुकानात एक दिवस बसून बघायला हवं होतं. सबंध दिवसात ती बाई कितीदा भिंत बघते ते कळलं असतं.

दुकानाच्या कोपऱ्यात, जुन्या मशीनपाशी, बाबा बसायचे. ताईचे वडील. छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली. छापखाना बंद पडला, पण नजर कशी बंद पडणार? लोक अर्ज टाईप करायला यायचे आणि बाबा न विचारता सुरू व्हायचे.

"'विनंती'चा 'वि' ऱ्हस्व."

"अहो वेलांटीकाका, रजेचा अर्ज आहे. कोण बघतंय?"

"साहेब बघतो. रजा देईल, पण मनात म्हणेल, हा कामावर नसला तरी चालण्यासारखा आहे."

गल्लीत त्यांचं नावच वेलांटीकाका पडलं होतं. त्यांना ते आवडायचं. फक्त एकदा औषधवाल्याने पाटीवर ते चुकीच्या वेलांटीने लिहिलं तेव्हा ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

बाबांना दोन मुली. ताई आणि धाकटी. धाकटी लहानपणापासून गऱ्हाणी करणारी. ताईला नवीन दप्तर, मला तिचं जुनं. ताईच्या वेणीला रिबीन, मला नाडी. रोज संध्याकाळी बाबा छापखान्यातून आले की ही उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी. बाबा चपला काढता काढता म्हणायचे, "बोला बाईसाहेब, आज काय गऱ्हाणं?" आणि मग ते सगळं ऐकून घ्यायचे. निकाल कधी द्यायचे नाहीत, पण ऐकून पुरतं घ्यायचे.

धाकटी मोठी झाली आणि एक दिवस कॉलेज सोडून, घरात एक अक्षर न सांगता, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशी लग्न करून निघून गेली. मागून तिचं पत्र आलं. लांबलचक, हाताने लिहिलेलं, जागोजाग शाई फुटलेलं. का गेले, सांगायची भीती का वाटली, तुम्ही बोलत नाही म्हणून मला किती एकटं वाटायचं, सगळं. बाबांनी ते टेबलाशी बसून वाचलं. वाचता वाचता खिशातून लाल पेन काढलं. ताई भाजी निवडत होती, तिला वाटलं काहीतरी लिहिताहेत. ते दुरुस्त करत होते. 'एकटी'ची टी दीर्घ. 'मिठी'ची मि ऱ्हस्व. 'तुम्ही'मधला ह सुटलाय. पत्र संपलं, त्यांनी ते तस्संच पाकिटात घातलं आणि उलट टपालाने पाठवून दिलं. स्वतःची एक ओळ नाही.

"बाबा, हे काय केलंत?" ताई म्हणाली.

"अक्षर न् अक्षर वाचलंय हे कळेल तिला."

तिला ते कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं. तिने फोन करून ताईला एवढंच सांगितलं, "मी रडत रडत लिहिलं गं, आणि त्यांनी माझ्या वेलांट्या काढल्या. ते मेले तरी येणार नाही." नंतर तिने नंबरही बदलला. ताईने कुठूनतरी नवा नंबर मिळवला, तिच्याशी बोलणं चालू ठेवलं, पण बाबांचं नाव काढलं की धाकटी फोन ठेवायची.

बाबा याबद्दल कधी बोलले नाहीत. पण एका सकाळी, दुकानात गर्दी व्हायच्या आधी, ते म्हणाले, "मला थोडं लिहायचंय. धाकटीसाठी. तिच्याशिवाय कुणी वाचता कामा नये."

"मीसुद्धा?"

"तू तर नाहीच. तुझ्या दप्तराचा उल्लेख येणार आहे त्यात."

ताई हसली. मग खुर्ची ओढून बसली आणि गिऱ्हाइकाला समजावावं तसं समजावायला लागली. "अख्ख्या मशीनला कुलूप घालता येतं. मशीन चोरीला गेलं तर चोराच्या हाती डबडं. पण फाईल तुम्ही पेनड्राईव्हवर काढलीत की ती उघडीबोडकी."

"म्हणजे घराला कुलूप, ट्रंक उघडी. नको."

"फाईलवर साधा पासवर्ड टाकता येतो, पण आपल्या या जुन्या प्रोग्रॅममधला फुकटातलं कुठलंही सॉफ्टवेअर फोडतं. नुसती 'हात लावू नये' अशी पाटी समजा."

"पाटी वाचून हात लावणारीच माणसं जास्त. पुढे?"

"सगळ्यात चांगलं म्हणजे दोन किल्ल्यांचं. एका किल्लीने फक्त बंद होतं, ती जगाला वाटली तरी चालते. उघडायची वेगळी, ती फक्त धाकटीपाशी. पण ती जोडी तिने तिच्याकडे बनवायची आणि बंद करायची आपल्याला पाठवायची."

"म्हणजे तिला आधी फोन करावा लागेल."

"हो."

बाबा स्क्रीन पुसत बसले. स्वच्छच होता. "आणखी काही?"

"एकच किल्ली. ज्या वाक्याने बंद, त्याच वाक्याने उघडं. मजबूत असतं. वाक्य विसरलात तर मी काय, बनवणाराही उघडू शकत नाही. घोळ एकच, ते वाक्य समोरच्याला पोचवायचं कसं. त्याच मेलमधे पाठवलं तर कुलपाला किल्ली बांधून ठेवल्यासारखं."

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "पोचवायला नको," ते म्हणाले, "ते आहे तिच्याकडे आधीपासून."

ताईला अंदाज आला. त्याच घरात वाढली होती ती. पण अंदाज येणं वेगळं आणि हात लावणं वेगळं. तिने कुलूप बसवून दिलं, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मागे बाबांची बटणं वाजत राहिली, सावकाश, एकेक.

मग हा रोजचा कार्यक्रम झाला. सकाळी शटर वर, औषधवाल्याची हाक, ताईचं तोंड भिंतीकडे, बाबांचं वाक्य, फाईल उघडली की "हं" असा एक हुंकार. गर्दी सुरू होईपर्यंत लिहायचे, मग बंद करून उठायचे. कधी लिहिता लिहिता स्वतःशीच हसायचे. ताईने विचारलं नाही. त्या दिवसांत बाबांनी गिऱ्हाइकांच्या दुपटीने चुका काढल्या, इतके ते खुशीत होते.

मग जुनं मशीन आचके द्यायला लागलं. चालता चालता बंद पडायचं. ताईला धसका, बाबांचं लिहिलेलं जायचं एखाद्या दिवशी. तिने ते भंगारात घातलं आणि नवीन आणलं. मोठा स्क्रीन, मोठी अक्षरं, हलका कीबोर्ड. बाबांच्या डोळ्यांसाठीच आणलं खरं तर. त्यांची कुलपातली फाईल, बाकीच्या फाईलींसकट, होती तशी उचलून नव्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीकडे तोंड करून बसली. बटणं वाजली. थांबली. परत वाजली. 'हं' आला नाही.

"होतंय ना, बाबा?"

"होतंय. तू बघू नकोस इकडे."

नवा कीबोर्ड, हात बसायला वेळ लागायचाच, तिला वाटलं. पुढचे काही दिवस असेच गेले. एका सकाळी बाबा त्या मशीनपाशी बसलेच नाहीत, बाकावर जाऊन बसले.

"झालं लिहून," ते म्हणाले.

"सगळं? मग पाठवू या की तिला."

"थांब जरा. घाई नको."

त्यानंतर ते शांत होत गेले. 'विनंती'च्या 'वि'ला दुसरी वेलांटी पडली तरी नुसते बघायचे. एक जण मुद्दाम म्हणाला, "वेलांटीकाका, बघा बरं बरोबर आहे का." तर म्हणाले, "मला नका विचारू." ताईला वाटलं, मनातलं ओतून झालं, माणूस मोकळा झाला. ती खुश होती. तिचा काय दोष? सगळ्यांनाच तसं वाटलं.

एका सकाळी ते बाकावरच कोसळले. समोरच हॉस्पिटल, पण आत नेईपर्यंत वाचा गेली होती. खाटेवर पडल्या पडल्या उजवा हात चादरीवर सारखा काहीतरी गिरवत होता. ताईने बोटांत पेन धरवलं, धरता आलं नाही. तिने कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, फाईल मी तिला देईन. काळजी नका करू." त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. संध्याकाळी संपलं.

मेले तरी येणार नाही म्हणणारी धाकटी आली. सगळं उरकल्यावर आली, पण आली. रिकाम्या बाकावर बसली आणि म्हणाली, "काही म्हणाले का माझ्याबद्दल?"

"लिहून ठेवलंय. फक्त तुझ्यासाठी." ताईने फाईल समोर आणली. "किल्ली तुझ्याकडे आहे म्हणाले. आधीपासून."

धाकटीने क्षणभर विचार केला आणि तिचे डोळे भरून आले. ताईने खुर्ची फिरवली. बटणं वाजली.

"चुकीचा पासवर्ड म्हणतंय."

"नीट घाल. गडबडीत चुकलं असेल."

परत वाजली. परत तेच. वाक्य दोघींनाही माहीत होतं, मग लपवायचं तरी काय, म्हणून ताई वळली आणि दोघींनी मिळून घातलं. बोला बाईसाहेब आज काय गऱ्हाणं. स्वल्पविराम देऊन, न देऊन. बाबा छापखान्याचे, म्हणून 'गऱ्हाणे' करून. 'बाईसाहेब' तोडून, जोडून. प्रश्नचिन्ह लावून. प्रत्येक वेळी ते काळे ठिपके रांगेने उमटायचे आणि वर तीच पाटी.

"त्यांनी बदललं असेल," ताई म्हणाली.

"का बदलतील? मी येणार नाही म्हणून? की आलेच तर उघडू नये म्हणून?"

"तसं नसेल गं."

"मग तू बदललंस."

ताईला ते आधी कळलंच नाही. "मी?"

"कुलपं तूच करतेस ना? तू वाचलं असशील. माझ्याबद्दल काहीतरी चांगलं असेल, ते तुला बघवलं नसेल. त्यांच्यापाशी राहिली कोण, तू. केलं कुणी, तू. मग पत्र मला कसं?"

"तोंड आवर. मी एकदाही बघितलं नाही."

"मग उघड ना!"

"नाही उघडता येत! कुणालाच नाही. तसंच निवडलं मी, त्यांनी मागितलं म्हणून."

"वा," धाकटी उठली. "छान निवडलंस."

ती गेली. जाताना तिला जिना लागला नाही, कारण मान वाकलेलीच होती. ताई त्या दिवशी शटर पाडून आत बसून राहिली. औषधवाल्याने बाहेरून हाक मारली, "तिजोरी, आहेस का?" तिने ओ दिली नाही.

असे बरेच महिने गेले. एका दुपारी हॉस्पिटलच्या ऑफिसातला कारकून आला. त्यांच्या नियमांचं एक जाडजूड बाड होतं, कधीतरी बाबांनीच जुन्या मशीनवर टाईप केलेलं.

"साहेबांचं नवीन खूळ," तो म्हणाला. "'पायऱ्यांवर बसू नये' आहे ना, तिथे सगळीकडे 'जिन्यात बसू नये' करायचं. पायऱ्या म्हटलं की लोक कठड्यावर बसतात म्हणे."

"जिन्यात म्हटलं की माझ्या दुकानात येऊन बसतील," ताई म्हणाली, आणि शोधायच्या चौकटीत तिने 'पायऱ्या' टाईप केलं.

सापडलं नाही.

समोर ढळढळीत दिसत होतं. पायऱ्यांवर बसू नये. तिने परत टाईप केलं. नाही. 'बसू' शोधलं, लगेच सापडलं. 'पाय' शोधलं, सापडलं. 'पायऱ्या' नाही. तिने बाबांच्या 'पायऱ्या'च्या खाली स्वतःचं 'पायऱ्या' टाईप केलं. एकाखाली एक, अगदी जुळे भाऊ. तोच मोडका र, तोच य. ती नाक लावून बघत राहिली. मग तिने एकेक अक्षर पुसून बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. जुन्या कीबोर्डवर तो मोडका र एका बटणात यायचा, ते एक वेगळंच अक्षर होतं. नवीन मशीन तोच र साध्या र पासून बनवायचं आणि मधे एक न दिसणारं अक्षर घालायचं, सांधायला. डोळ्याला एकच. मशीनला दोन वेगळे शब्द. आणि कुलपाला काय, एका टिंबाचाही फरक चालत नाही.

गऱ्हाणं.

"काय झालं हो?" कारकून म्हणाला.

"उद्या या."

"अहो पण साहेब..."

"उद्या या म्हटलं ना!"

तो वाकून निघून गेला. ताईने बाबांच्या त्या नियमांतून, 'पायऱ्या'मधून, त्यांचा र उचलला. धाकटीचं वाक्य घातलं, 'गऱ्हाणं'मधे बाबांचा र चिकटवला आणि बटण दाबलं.

फाईल उघडली. स्क्रीनभर अक्षरं उमटली, आणि ताईने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तशीच मागे हात नेऊन, चाचपडत, तिने स्क्रीन बंद केला. मग भिंतीकडे बघत मनसोक्त रडली.

धाकटी फोन घेईना. मग ताई स्वतः गेली, बस बदलत. ॲम्ब्युलन्सवाला ड्यूटीवर होता. दार धाकटीने उघडलं आणि अर्धंच उघडलं.

"आता काय?"

"उघडलं."

"तू उघडलंस? तेव्हा तर कुणालाच उघडता येत नव्हतं."

ताईने तिथेच, दारात उभ्या उभ्या, त्या दोन र ची गोष्ट सांगितली. धाकटीला निम्मीच कळली. पण ताईचा चेहरा बघून तिने दार पूर्ण उघडलं. ताईने घरातल्या जुन्या लॅपटॉपवर पेनड्राईव्हमधली फाईल लावली, बाबांचा र घातलेलं वाक्य टाकून दिलं आणि खिडकीपाशी जाऊन, पाठ करून उभी राहिली.

धाकटी वाचायला लागली. मग धाकटी फस्सकन हसली.

"काय गं?"

"ऐक. 'गऱ्हाणं पहिलं, दप्तर. तुझं म्हणणं बरोबर होतं. ताईचं जुनं दप्तर तुला दिलं, त्याचा पट्टाही तुटका होता. माझी चूक.' पुढे, 'गऱ्हाणं, रिबीन. ही तक्रार खोटी आहे. रिबीन आणली होती, तूच मांजराला बांधलीस.'"

ताईही खिडकीत हसली. धाकटी वाचत गेली, कधी मोठ्याने, कधी मनात. छापखान्यातून उशिरा यायचे ते गऱ्हाणं. स्नेहसंमेलनाला आले नाहीत ते गऱ्हाणं. आई गेली तेव्हा जवळ घेतलं नाही ते गऱ्हाणं. एकेकाचा निकाल, जो तेव्हा कधी दिला नव्हता. ताईला मागून नाक ओढल्याचा आवाज येत होता, आणि तिच्या मनात आलं, झालं, जोडलं गेलं सगळं.

मग धाकटीचा आवाज बदलला. "'आता लाल शाईचं गऱ्हाणं. ते सगळ्यात मोठं. तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं सोडून मी काय केलं आणि का केलं, ते तुला सांगायलाच हे सगळं लिहायला बसलो. घाईत लिहिण्यासारखं नाही. दुकानात माणसं यायला लागली. उद्या सकाळी लिहितो.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"खाली बघ."

"बघितलं. कोरं आहे." धाकटीने ताईकडे बघितलं. "तू म्हणाली होतीस, ते लिहून झालं म्हणाले."

"म्हणाले होते. झालं म्हणाले. सगळं."

"म्हणजे दप्तराची माफी मागितली, आणि ह्याच्यापाशी आल्यावर झालं म्हणाले." ती रडत नव्हती आता. "दप्तर मला नको होतं गं, ताई."

"त्यांना सांगायचं होतं की अक्षर न् अक्षर वाचलंय. मला म्हणाले होते."

"मग मला का नाही म्हणाले? तू नको सांगूस त्यांच्या वतीने. आयुष्यभर तूच सांगत आलीस."

धाकटीने चहा केला, दोघी प्यायल्या, हवापाण्याचं बोलल्या. निघताना तिने पेनड्राईव्ह ताईच्या हातात परत दिला. भांडली नाही, ताईवरचा संशयही गेला होता. पण काहीतरी विझलं होतं, आणि त्यानंतर ती फोन घ्यायची ते 'हो', 'नाही', 'बरी आहे' एवढ्यापुरतंच.

बसमधे ताईच्या डोक्यात एकदा आलं. नवीन मशीनवर बाबांना तरी उघडलं असेल का? मग तिनेच ते झटकून टाकलं. उघडलं नसतं तर त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. दुसऱ्याच्या रजेच्या अर्जावर तुटून पडणारा माणूस, स्वतःच्या फाईलसाठी गप्प बसेल?

औषधवाल्याने जे सांगितलं ते फार उशिरा, आणि तेही दुसऱ्याच कशावरून तरी विषय निघाला म्हणून. नवीन मशीन आलं त्याच आठवड्यात वेलांटीकाका त्याच्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले. मग हळूच विचारलं, विसरायला होतं त्यावर काही गोळी असते का. रोजचा एक शब्द आहे, जिभेवर आहे, पण बरोबर लिहिता येत नाहीये, आमच्या वडिलांचं शेवटी असंच सुरू झालं होतं, पोरीला सांगू नका, घाबरेल. औषधवाल्याने शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्या ते शेवटपर्यंत नेत होते. आणि दर वेळी गोळ्यांच्या कागदी पिशवीवर त्याच्याच पेनाने एक शब्द लिहायचे, गऱ्हाणं, आणि पिशवी त्याच्यापुढे सरकवून विचारायचे, "बघा बरं, यात माझं काय चुकतंय?"

तो बघायचा आणि म्हणायचा, "काही नाही, काका. बरोबर आहे."